जाहिरात आपली, मग चेहराही आपलाच!

भगिनींनो, उन्हाळ्यात पापड-कुरडया करताना तुमच्या मनात कधी आलं आहे का, की घरात पुरून उरलेलं वाळवण विकलं तर चार पैसे हाती येतील? आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या आलं. त्यांच्या हातच्या बाजरीच्या खारोड्यांचं आमच्या कवठे येमाईत भारी कौतुक! पण गावात घरोघरी खारोड्या होतात, तिथे विकत घेणार कोण? खरं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईच्या नोकरी करणाऱ्या, गच्ची-अंगण नसलेल्या बायका. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर मोबाइलवर जाहिरातीचे व्हिडिओ टाकायला हवेत. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. "तुला बोलाय-लिहायचं कळतं, तूच बघ आता," म्हणून ताईंनी ते काम माझ्याकडे सोपवलं.

व्हिडिओ काढणं अवघड नाही, हे आधीच सांगते. अवघड प्रश्न निराळाच निघाला. व्हिडिओत दिसायचं कोणी?

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, "हात दाखवा की. तोंड कशापायी दाखवायचं साऱ्या मुलखाला?" थोरले दीर काहीच बोलले नाहीत, पण त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आमच्या घरात सर्वांना कळतो. पुतण्याने तोड काढली, "काकू, मागे सिनेमाचं गाणं लावू आणि मीच बोलतो." म्हणजे बाजरी भिजवायची ताईंनी, उन्हात पाठ मोडायची ताईंनी, आणि खारोड्यांचं कौतुक सांगायचं मात्र दुसऱ्याने!

मला याचं नवल वाटलं, कारण आमचं गाव तमाशाच्या परंपरेचं. बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. त्यांनी तमाशांसाठी कितीतरी वग आणि गाणी लिहिली, त्यांना राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली ते गेले. फडावर बाई उभी राहिली की माणसं रात्र-रात्र जागतात. मग घरची बाई आपल्या कामाबद्दल दोन शब्द बोलली, तर त्यात कमीपणा कसला?

पूर्वी आपल्याला तशी सोयच नव्हती, हेही खरं. लिज्जत पापडाचंच पाहा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. पुढे दूरदर्शनवर त्यांची जाहिरात आली, तेव्हा लोकांच्या ध्यानात राहिला तो रामदास पाध्ये यांचा बोलका ससा! जाहिरात गोडच होती. पण असं चित्रण करायला आणि दूरदर्शनवरची वेळ विकत घ्यायला किती पैसा लागत असेल! एकट्या-दुकट्या बाईचं ते कामच नव्हे. आज मात्र तेच काम घरातला मोबाइल करतो.

आणि करून दाखवणारीही आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातली आहे. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमनबाई धामणे शाळेत गेलेल्या नाहीत. सत्तरीच्या घरात असताना, नातू यश पाठक याच्या मदतीने, त्या 'आपली आजी' म्हणून यूट्यूबवर घराघरात पोचल्या. मी त्यांचा एक व्हिडिओ आत्याबाईंना लावून दिला. चष्मा पुसून त्या शेवटपर्यंत पाहत बसल्या आणि म्हणाल्या, "ही तर आपल्यावानीच हाय की गं!" मी काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ताईंना म्हणाल्या, "पदर नीट घे आन् बोल काय बोलायचं ते."

आम्ही एकदम चार छोटे व्हिडिओ काढले, प्रत्येक पाऊण मिनिटाचा. शाळेत मुलांना मी सांगते, एका परिच्छेदात एकच मुद्दा. इथेही तेच केलं. पहिल्यात ताईंनी आपलं नाव, गाव आणि काम सांगितलं. दुसऱ्यात बाजरीचा भरडा शिजवण्यापासून खारोड्या उन्हात घालण्यापर्यंतची कृती. तिसऱ्यात त्या खायच्या कशा ते: तळून, किंवा तशाच शेंगदाणे आणि कांद्याबरोबर. चौथ्यात पाकिटाचं वजन, किंमत आणि मागणी नोंदवायची रीत. दुसऱ्या व्हिडिओत मध्येच आत्याबाईंचा आवाज आला, "तीळ घाल अजून मूठभर!" पुतण्या ते कापणार होता. मी कापू दिलं नाही. हजार रुपये देऊन असा शेरा मिळाला असता का?

तुम्हाला करून पाहायचं असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. कोवळ्या उन्हाच्या वेळी, उजेड बोलणारीच्या तोंडावर पडेल असं बसवा. पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा दिसतो. मोबाइलची काच मऊ फडक्याने पुसा, डब्यांच्या चळतीला टेकवून तो स्थिर ठेवा. पंखा, मिक्सर, टीव्ही बंद. पाठ केलेलं बोलू नका; समोर कुणा मैत्रिणीला बसवा आणि तिच्याशी बोला. सिनेमाची गाणी टाळा, ती दुसऱ्याच्या मालकीची असतात. जे पाकिटात नाही ते तोंडाने सांगू नका. खाण्याचे पदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापा. मागणीसाठी वेगळा नंबर ठेवा, घरचा नको. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. कोणी मागितलाच तर समजा, भामटा आहे. पासवर्डही जपा. सुमनबाईंची वाहिनीसुद्धा २०२० साली चोरट्यांनी पळवली होती. सुदैवाने ती परत मिळाली.

शेवटचा मुद्दा निघाला तो पैशाचा. क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा लावायचा? दिरांचं खातं तयारच होतं. घरात थोडा वेळ कोणीच काही बोलेना. मग ताई उठल्या, कपाटातून बचत गटाच्या वेळी काढलेलं स्वतःचं पासबुक आणलं आणि पुतण्यासमोर ठेवलं. "नाव माझं सांगितलंय, तर खातंबी माझंच लाव." दीर ताईंकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "लाव की. मला कशाला विचारता?"

पहिल्या आठवड्यात अकरा पाकिटं गेली. रक्कम लहानच, पण ती जमा झाल्याचा निरोप ताईंच्या मोबाइलवर आला, आणि त्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

तेव्हा मैत्रिणींनो, लोणचं असो, शिवणकाम असो की गोधड्या, जाहिरात जरूर करा. मात्र ज्या हातांनी काम केलं, त्या हातांचं नाव आणि चेहरा तिच्यात असू द्या. आणि हो, खातंही!