लाभलेले कुत्रे

आमच्या वस्तीवर कुत्रे ‘पाळले’ असे क्वचितच म्हणतात. म्हैस लाभते, विहीर लाभते, तसे कुत्रेही लाभते किंवा लाभत नाही. आमच्या घराला ते लाभत नाही, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. पाठोपाठच्या दोन वर्षी दोन पिल्ले आली आणि दोन्ही ओकारी व रक्ताच्या हगवणीने आठवडाभरात गेली. “आता ह्या उंबऱ्याच्या आत कुत्रं नगं,” असे आईने बजावले.

परंतु लांडग्याने शेळीचे करडू नेले, तेव्हा राखणीची गरज नाकारता येईना. आबांनी जतकडच्या एका मेंढपाळाकडे कारवानी पिल्लू पाहून ठेवले. कारवानी म्हणजे लांब तोंडाचे, सडपातळ, सशामागे वाऱ्यासारखे धावणारे कुत्रे. कर्नाटकात याला मुधोळ म्हणतात. २००५ साली ते टपालाच्या तिकिटावरही आले.

मी आधी जनावरांच्या दवाखान्यात गेले. मागची हकिकत ऐकून डॉक्टरांनी एकच विचारले, “आणली तेव्हा किती दिवसांची होती?” दोन्ही जेमतेम महिन्याची होती. त्यांच्या मते हा पार्व्हो असावा. १९७८ साली जगाला माहीत झालेला हा विषाणू मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो. पहिले पिल्लू ज्या अंगणात गेले, त्याच अंगणात दुसरे खेळले होते. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेली ताकद हळूहळू ओसरते. ती असते तोवर लस नीट लागू पडत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ‘न लाभण्या’ला असे कारण असते हे कळून मला हायसे वाटले, आणि त्या दोघांसाठी वाईटही वाटले.

मेंढपाळमामा म्हणाले, “न्या की आजच, भाकरी खातंय.” पिल्लू अठ्ठावीस दिवसांचे होते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असा केंद्र सरकारचा २०१७ सालचा नियम आहे. मी तो सांगितला आणि हेही सांगितले, की किती जोराने चावावे हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडूनच शिकते. आबा माझ्याकडे पाहत राहिले. बियाणे असो, सोयरीक असो, घरात माझा शब्द कधी कुणी विचारला नव्हता. अखेर ते मामांना म्हणाले, “पोरगी शिकतीया. ऱ्हाऊ द्या अजून म्हैनाभर.” आणि त्यांनी पाचशे रुपये इसार दिला.

त्या महिन्यात आम्ही ओटा आणि पडवीची फरशी ब्लिचिंग पावडरीने धुतली. मातीला तसा इलाज नाही. म्हणून लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला अंगणात उतरवायचे नाही असे ठरले. आणताना त्याच्या आईच्या अंगाखालचे गोणपाट मागून घेतले. मामांकडे खात होते तेच, भाकरी, ताक आणि उकडलेले अंडे, आम्ही सुरू ठेवले. कांदा घातलेले कालवण मात्र कटाक्षाने टाळले, कारण कांदा कुत्र्याला बाधतो.

पहिल्या तीन रात्री ते रडले. मी पडवीत त्याच्याजवळ अंथरूण टाकले. चौथ्या रात्री जाग आली तेव्हा गोणपाटावर आईचे जुने लुगडे अंथरलेले होते. सकाळी आई त्याविषयी काही बोलली नाही. “शेवटची सुई होऊ दे,” म्हणून तिने नावही ठेवू दिले नव्हते. मधे तिसऱ्या महिन्यात पिसाळण्याविरुद्धची लस झाली आणि चौथ्या महिन्यात शेवटची. त्या संध्याकाळी तिनेच त्याला ‘मोत्या’ म्हणून हाक मारली आणि अंगणात सोडले.

आता वस्तीवर कुणाला पिल्लू आणायचे असले, की ते आबांना विचारतात. आबा ऐटीत सांगतात, “आठ आठवडं भरू द्या. आईच्या चिकाची ताकद ओसरती, तवर सुई सुरू करा.” यंदा शेजारच्या काकांनी तसेच केले. त्यांचे पिल्लू पाच महिन्यांचे झाले आहे.