साधा मजकूर आधी

ईमेलमधला साधा मजकूर हाताने लिहायचा, हे मला सरांनी शिकवलं. आमच्या संस्थेचं वार्तापत्र दर महिन्याला मेलने पाठवायचं काम माझ्याकडे होतं. सर सर्व्हर सांभाळायचे आणि स्वतःची सगळी मेल मट या फक्त अक्षरं दाखवणाऱ्या मेल-प्रोग्रॅममध्ये, काळ्या पडद्यावर वाचायचे.

एकदा त्यांनी माझंच वार्तापत्र कच्च्या रूपात उघडलं. वर 'मल्टिपार्ट/ऑल्टरनेटिव्ह' अशी नोंद. खाली दोन हायफनांनी सुरू होणारी सीमारेषा, साधा मजकूर, पुन्हा तीच रेषा, मग एचटीएमएल. शेवटच्या रेषेच्या मागेही दोन हायफन, म्हणजे पत्र संपलं. "क्रम बघ," सर म्हणाले. "साधं आधी, सजवलेलं शेवटी. वाचणारा प्रोग्रॅम त्याला झेपेल तो शेवटचा भाग दाखवतो. आणि ज्याला मल्टिपार्ट हा प्रकारच कळत नाही, त्याच्याही समोर आधी वाचण्याजोगं काहीतरी येतं." नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम हे ईमेलच्या रचनेचं मानक लिहिलं, त्यातच हा क्रम ठरला. जुन्या यंत्रावर बसलेल्या माणसाची इतकी काळजी त्या कोरड्या मजकुरात आहे, हे सरांनी दाखवलं नसतं तर मला दिसलं नसतं.

बरीच साधनं एचटीएमएलमधून साधा मजकूर आपोआप काढून देतात. सरांना ते पटायचं नाही, मलाही पटत नाही. 'लाल अक्षरांतली तारीख पाहा' असं राहतं आणि लाल काहीच नसतं. तक्त्याचे रकाने एकमेकांत मिसळतात. साध्या मजकुराच्या जागी 'हे पत्र ब्राउझरमध्ये उघडा' एवढंच वाक्य ठेवणं तर मला वाचणाऱ्याचा अपमान वाटतो. सरांनी शेजारी बसून लिहायला लावलं: तारीख वाक्यातच, दुव्याचा पूर्ण पत्ता वेगळ्या ओळीवर, तक्त्यातली प्रत्येक नोंद आपापल्या ओळीत.

मेलमधून अक्षरं पाठवताना ती साध्या इंग्रजी चिन्हांत बदलण्याच्या दोन पद्धती आहेत, कोटेड-प्रिंटेबल आणि बेस६४. देवनागरीसाठी बेस६४ निवडायचं, हेही त्यांनीच शिकवलं. यूटीएफ-८ मध्ये 'क' तीन बाइट घेतो. कोटेड-प्रिंटेबलमध्ये त्याची नऊ चिन्हं होतात, बेस६४ मध्ये चार. मराठी पत्र निम्म्याहून लहान होतं.

सर निवृत्त होऊन कोकणात गेले. वार्तापत्र त्यांनाही जातं, आणि हे ऋण फिटायच्या ऐवजी वाढतच राहतं. मध्यंतरी त्यांचं उत्तर आलं: "व्याख्यानाची वेळ पत्त्याच्या वर घे. माणूस आधी तीच शोधतो." पुढच्या अंकापासून वेळ वर घेतली.