वेशीवरचा एकशे ब्याण्णव

नेट बंद पडलं की आमच्या घरात त्याची आठवण होते. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग स्टूल ओढायचं, मोबाइलचा टॉर्च लावायचा, टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेला राउटर उलटा करायचा आणि त्याच्या पोटावरच्या चिठ्ठीवरचे बारीक आकडे वाचायचे : १९२.१६८.१.१. खाली युजरनेम ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’. इतका भोळा राखणदार दुसरा नसेल.

शेजाऱ्यांकडे गेलो, तिथेही हाच. मावशीकडे हाच, परदेशातल्या भाच्याकडेही हाच. कुठे त्याचा भाऊ १९२.१६८.०.१ भेटतो, चेहरामोहरा तोच. गावोगावी वेशीवर मारुती, तसा हा घरोघरी. ‘मारुतीच्या देवळासमोर’ एवढा पत्ता गावात पुरतो. मुंबईहून पाकिटावर तेवढंच लिहून धाडलं तर पोस्टमन कपाळाला हात लावील. याचंही तसंच. घरात फोनपासून टीव्हीपर्यंत सगळे त्याला ओळखतात, वेशीबाहेर त्याला काडीची किंमत नाही.

जन्म टंचाईतला. १९८१ साली जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली आयपीची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नियमावलीची, चौथी आवृत्ती पक्की झाली, तेव्हा पत्त्याला ३२ बिट दिले गेले. एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. तेवढे उदंड वाटले आणि वाटपही सढळ हातानं झालं. अमेरिकेतल्या एकट्या एमआयटीकडे १ कोटी ६७ लाखांहून जास्त होते. नव्वदीत घराघरांतले संगणक जोडले जाऊ लागले आणि हिशेब फसला. १९९४ साली ‘नॅट’ नावाचं ठिगळ आलं. १९९६च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजानं पत्त्यांचे तीन गठ्ठे ‘कोणाच्याही मालकीचे नाहीत, घरात खुशाल वापरा’ म्हणून वेगळे ठेवले. आपला गडी त्यांतल्या सर्वांत लहान गठ्ठ्यातला, ६५,५३६ भावंडांमधला.

या ठिगळात त्याचं काम वहीचं. घरातल्या फोननं बातम्यांचं पान मागितलं की हा ते वहीत टिपतो, सगळ्या घराला मिळून मिळालेल्या एकाच बाहेरच्या पत्त्यावरून मागणी धाडतो, आणि उत्तर आलं की वही बघून नेमक्या फोनकडे पोचवतो. न मागवलेलं काही दाराशी आलं तर वहीत नोंद सापडत नाही, प्रवेश नाही.

याच वहीवरून गेली तीस वर्षं वाद आहे. एक पक्ष म्हणतो, बघा, घर कसं सुरक्षित राहतं! दुसरा म्हणतो, अहो, हा पहारा नव्हे, विसराळूपणा आहे. आलेली वस्तू कोणाला द्यायची ते ठाऊक नाही म्हणून तो आत घेत नाही. पहाऱ्यासाठी फायरवॉल असते, तिला ठिगळाची गरज नाही. शिवाय या वहीपायी दोन घरांतले संगणक एकमेकांना सरळ हाक मारू शकत नाहीत. साध्या व्हिडिओ कॉललाही पुष्कळदा मध्यस्थ लागतो. मला दुसऱ्यांचं पटतं. खुद्द ठिगळ लावणाऱ्यांनीच १९९४च्या त्या कागदात लिहून ठेवलं होतं की हा दीर्घकाळाचा उपाय नव्हे.

खरा उपाय १९९५च्या डिसेंबरात कागदावर आला : आयपीची सहावी आवृत्ती, १२८ बिटांची. घरातल्या दिव्यालाही स्वतःचा पत्ता मिळेल एवढी ऐसपैस. पण जुनी आवृत्ती नवीशी थेट बोलत नाही, म्हणून दोन्ही संसार एकदम चालवावे लागतात. आणि ठिगळ टिकत असताना नवं कापड कोण घेतो? ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांची मध्यवर्ती कोठी रिकामी झाली, तरी एकशे ब्याण्णव जागेवरच. उलट पुढच्याच वर्षी सेवा कंपन्यांना अख्ख्या वस्त्या एका पत्त्यामागे बसवता याव्यात म्हणून आणखी एक गठ्ठा वेगळा काढावा लागला.

ब्राउझरला मात्र तो पसंत नाही. त्याच्या दारात गेलं की बहुधा ‘सुरक्षित नाही’ अशी पाटी झळकते. ब्राउझरची चूक नाही. कुलपाचं प्रमाणपत्र द्यायचं तर पत्ता कोणाचा तरी एकाचा हवा. हा लाखो घरांचा, म्हणजे कोणाचाच नाही. मान्यताप्राप्त संस्था असल्या पत्त्यांना प्रमाणपत्र देत नाहीत.

आपल्याकडे मोबाइलनं बरीच मजल मारली आहे. २०१६ साली जिओ सहावी आवृत्ती घेऊनच उतरली आणि आज या आवृत्तीच्या वापरात भारत आघाडीच्या देशांत आहे. खिशातला फोन नव्या गावात राहायला गेलासुद्धा. घरात शिरून वाय-फाय पकडलं की तोही वेशीवरच्या या म्हाताऱ्याला रामराम करतो.

तो इतक्यात निवृत्त होत नाही. तेव्हा आज स्टुलावर चढलात, तर एवढं करा : त्याचा ‘ॲडमिन’ हा पासवर्ड बदला. तो राखणदार नाही. कुलूप आपणच लावायचं आहे.