अभ्यंग

कोलकात्याला मालिशवाल्यांचे नवल नाही. हुगळीच्या घाटांवर तेलाच्या बाटल्या मांडून बसणारी ही मंडळी शहराचे थकलेले खांदे रगडत आली आहेत. १९५७ च्या ‘प्यासा’ने तर त्यांच्यातील एकाला जॉनी वॉकरच्या रूपाने साऱ्या देशाच्या ओळखीचे केले. परंतु भवानीपुरातील एका जुन्या घराच्या ओसरीवर एक वृद्ध मराठी बाई आपल्या तेरा वर्षांच्या कुत्र्याच्या पाठीवरून संथपणे हात फिरवीत बसते, तेव्हा रस्त्याने जाणारा थबकतो आणि किंचित हसतो.

भुलू हा तिच्या दिवंगत पतीचा कुत्रा. थंडी पडली आणि त्याला जिना चढवेना. बाईने घरातला उपाय केला. मोहरीचे तेल कोमट करून त्यात कापूर घातला आणि त्याचे मागचे पाय जोराने चोळले. भुलू गुरगुरला आणि पलंगाखाली जाऊन बसला. बेलगाछियाच्या, १८९३ पासूनची परंपरा असलेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या तरुण डॉक्टरने खुब्याचा संधिवात असल्याचे निदान केले, औषध दिले आणि तेलाची वाटी बंद केली. कुत्रा अंग चाटतो. कापूर पोटात गेला तर त्याला विष होतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही त्याला घातकच.

“मासिमा, आधी हात नुसता ठेवा,” डॉक्टर म्हणाला.

त्याने समजावले ते असे : मागचे पाय दुखू लागले की जनावर भार पुढे टाकते. म्हणून रोग खुब्यात असला तरी मान आणि खांदे ताठरतात. मर्दनाने झिजलेला सांधा भरून येत नाही. आखडलेले स्नायू मात्र सैलावतात. तळवा सपाट ठेवून, केसांच्या दिशेने, कण्याच्या दोन्ही बाजूंनी हात न्यावा. कण्यावर दाब देऊ नये. ताप, जखम वा ताजी सूज असेल तर हात लावूच नये. कुत्र्याने ओठ चाटले, मान वळविली, की थांबावे.

‘अष्टांगहृदया’ने जरा, श्रम आणि वात यांवर नित्य अभ्यंग सांगितला तो माणसासाठी. हत्तीसाठी पालकाप्याच्या नावाचा ग्रंथ आहे, घोड्यासाठी शालिहोत्राची परंपरा. कुत्रा मात्र उंबऱ्याशीच राहिला. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मराठी घराला ठाऊक आहेत. त्या धावण्यात देण्याची उत्कटता आहे. बाईचीही तेलाची वाटी अशाच मायेची होती. परंतु देण्यापूर्वी विचारावे लागते, हे तिला भुलूच्या गुरगुरण्याने शिकविले.

पतीच्या अखेरच्या वर्षात ती रोज विचारीत असे, “कुठे दुखतंय का हो?” उत्तर ठरलेले असे, “काही नाही.” त्या दोन शब्दांवर तिने विश्वास ठेवला, दुखणे कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

आता संध्याकाळी तिचा हात भुलूच्या मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून कमरेकडे येतो. उजव्या खुब्याशी तो मान वळवितो. हात मागे सरतो आणि खांद्यावर स्थिरावतो. थोड्या वेळाने भुलू दीर्घ उसासा टाकून हनुवटी तिच्या पावलावर ठेवतो. बाई पाय हलवीत नाही.