पाहुणीची बादली

मागच्या महिन्यात स्टँडअप मीटिंग सुरू असताना आईचा फोन आला. मी कट केला. पुन्हा आला. आई सहसा दोनदा फोन करत नाही, म्हणून माइक म्यूट करून उचलला.

"ते संस्थेवाले आले होते. परदेशातून एक पोरगी येणारे. सहा महिने ठेवशील का म्हणाले."

मी लगेच म्हणालो, "नाही म्हणून सांग. आता आपल्याला कशाला पाहिजे ते?"

"आता" हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि तो आईनेही ऐकला. ती काही बोलली नाही. "बरं, तुझं काम चालू दे," म्हणून तिने फोन ठेवला. त्या "आता"च्या मागे तेरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे. ती मी पुण्यात कुणालाच सांगितलेली नाही.

आमचं गाव जामखेड तालुक्यात आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. ज्यांच्यावरून ते ठेवलं त्या अहिल्याबाईंचं चौंडी आमच्याच तालुक्यात. पण बोलताना आम्ही अजून 'नगर'च म्हणतो. पाऊस आमच्याकडे येतो तो उरलासुरला. परदेशी माणूस मात्र आमच्या भागाला नवा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बऱ्याचदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते काम बघायला आणि शिकायला जगभरातून लोक येत राहिले. त्यामुळे जामखेडच्या स्टँडवर गोरा माणूस दिसला तरी कुणी फार वळून बघत नाही. आमच्या गावात मात्र सगळ्यांनीच वळून बघितलं.

कारण ती जामखेडला नाही, थेट आमच्या घरी राहायला आली. एका छोट्या संस्थेमार्फत, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायला. वय एकोणीस. जर्मनीत 'वेल्टवेर्ट्स' नावाचा सरकारी मदतीवर चालणारा कार्यक्रम आहे, २००८ मध्ये सुरू झालेला. अठरा ते अठ्ठावीस वयाची मुलं त्यातून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत स्वयंसेवक म्हणून जातात, बरीचशी तिथल्या कुटुंबांत राहतात. आमच्याकडची मुलगी आधी तीन महिने नगर शहरात एका कुटुंबात होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये ती आमच्याकडे आली. आजी तिला "पोरी" म्हणायची आणि मी "ताई". गावासाठी ती "जर्मनवाली मॅडम" होती.

२०१२ म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. पाऊस झालाच नव्हता. दिवाळीतच विहिरींनी तळ दाखवला. जानेवारीपासून बाबा दोन गाई आणि एक कालवड घेऊन चारा छावणीत मुक्कामाला गेले. जनावरं तिथे, म्हणून माणूसही तिथे. घरात आजी, आई, दहावीचा मी आणि ही ताई.

संस्था तिच्या राहण्या-जेवणाचे पैसे दर महिन्याला द्यायची. पाकिटात. आई ते पाकीट कपाटातल्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. दुधाचे पैसे बंद झालेले, शेतातून काहीच नाही. त्या वर्षी घरात नियमित येणारा पैसा तेवढाच होता. पुढे अकरावीला मी नगरला गेलो, तेव्हा क्लासची फी त्याच डब्यातून निघाली. मी आज जो काही इंजिनिअर आहे, त्याचा पहिला हप्ता त्या पाकिटांनी भरलाय.

तिचा दिवस सहाला सुरू व्हायचा. चहा, मग शाळा. पोरं "गुऽऽड मॉर्निंऽऽग मॅडम" अशी चाल लावून म्हणायची आणि त्यापुढे गाडी फारशी सरकायची नाही. दुपारी आईशेजारी बसून बाजरीची भाकरी थापायला शिकायची. बाजरीला चिकटपणा कमी, भाकरी उचलली की मधोमध फाटायची. आजी ते तुकडे बघून म्हणायची, "ही तुझ्या देशाची का आमच्या?" संध्याकाळी भारनियमन. ती ओट्यावर बसून टॉर्चच्या उजेडात वहीत काहीतरी लिहायची. लिहायला म्हणून खोलीचं दार लावून घेतलं, की आजी पाच मिनिटांत दार वाजवायची, "बरं वाटत नाही का गं?" एकटं बसावंसं वाटणं हे आजीच्या हिशेबात दुखणंच होतं. फिरायला गेली तर वाटेत दहा जण विचारायचे, कुठं निघालात मॅडम? पोलीस पाटील आठवड्यातून एकदा चहाला येऊन ती बरी आहे ना, हे बघून जायचे. वर्षभर चोवीस तास लोकांच्या नजरेत राहणं काय असतं, याचा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नाही. मला वाटायचं, किती मजा आहे हिची.

आणि रोज सकाळी न्हाणीत तिच्यासाठी एक भरलेली बादली असायची.

टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, कधी चौथ्या. तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि मग कठड्याभोवती बायका पोहरे सोडायच्या. पाणी तळाला जायच्या आत जेवढं ओढाल तेवढं आपलं. दोरीने हात सोलायचे, भांडणं व्हायची. आई पाच-सहा हंडे आणायची. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, आणि ती बादली. मी दोन दिवसांआड तांब्या-दोन तांब्यांत अंघोळ उरकायचो. आजी ओल्या फडक्याने अंग पुसायची. आई कधी अंघोळ करायची ते मला आजही माहीत नाही. ताईला यातलं काही दिसू नये, अशी सगळी व्यवस्था होती. ती उठायच्या आत बादली भरलेली आणि आमचं उरकलेलं. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. पाहुणा आहे म्हटल्यावर हे असंच असतं.

मार्चमध्ये, माझी बोर्डाची परीक्षा सुरू असताना, ती एकदा पहाटेच उठली. आजी मोरीत बसून फडक्याने पाय पुसत होती. शेजारी काठोकाठ भरलेली बादली. ताई दारात उभी राहिली. आजीकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती अर्धी बादली वापरायला लागली. मला वाटलं, आई खूश होईल. आई भडकली. तिच्यावर नाही, माझ्यावर. "तू सांगितलंस का तिला? गाव काय म्हणेल, यांच्या घरात पाहुण्याला पाणी पुरत नाही?" मी शपथेवर सांगितलं, मी काही बोललो नाही. दोन दिवस घरात कुणी नीट बोलेना. आई बादली भरायची, ताई अर्धी ठेवायची, आई ते उरलेलं पाणी बघून तोंड फिरवायची. एकीला वाटत होतं आपण समजूतदारपणा दाखवतोय आणि दुसरीला तो अपमान वाटत होता. मधे मी, दोघींची भाषा येणारा एकटा, उद्याच्या पेपरचं कारण सांगून गप्प.

तिसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा ताई हंडा घेऊन आईच्या मागे विहिरीवर गेली. बायका हसल्या. एकीने "मॅडमला पुढं जाऊ द्या" म्हटलं. ती गेली नाही. तिने पोहरा सोडला आणि ओढताना तो कठड्याला आपटून अर्धा सांडला. दुसऱ्यांदा दोरी हातातून सुटली. तेव्हा आई चारचौघांत तिच्यावर ओरडली, "आगं बाई, पाणी हाय ते! येत नाही तर हंडा धर की नुसता!"

पाच महिन्यांत आई तिला पहिल्यांदा रागावली होती. घरी येताना ताई कमरेवर हंडा सांभाळत, ओलीचिंब, मला म्हणाली, "शी शाउटेड ॲट मी!" तिला रडू येतंय असं मला आधी वाटलं. ती हसत होती.

त्यानंतर बादली बंद झाली. चौघांनाही तांब्या मोजून. आजीने तिला बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी आणि खडी फोडायची कामं सांगितली. मी भाषांतर केलं. आई तिला भाजी निवडायला लावायची, उशिरा उठली तर बोलायची. ती आता पाहुणी राहिली नव्हती. घरातली टंचाई ज्याच्यापासून लपवतात तो पाहुणा. ज्याला ती कळते आणि जो वाटून घेतो, तो घरचा. एवढा साधा फरक आम्हाला दुष्काळाने शिकवला.

पण एक गोष्ट मात्र आम्ही तिच्यापासून लपवलीच, असं मला अनेक वर्षं वाटत राहिलं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिचा निरोप समारंभ झाला. ती इंग्रजीत बोलली आणि भाषांतर मी केलं. ती म्हणाली, "या कुटुंबाने मला मुलीसारखं ठेवलं. त्यांनी सगळं दिलं आणि मी त्यांना काहीच देऊ शकले नाही." पहिलं वाक्य मी मराठीत सांगितलं. दुसरं गिळलं. टाळ्या वाजल्या. समोर आई पदराने डोळे पुसत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे बिस्किटांचा डबा होता. आपण हिला पैशांसाठी ठेवलं होतं. माया वगैरे नंतरचं. पंधराव्या वर्षी मला ते चोरीसारखं वाटलं.

पुढे इंजिनिअरिंगला आमच्या जिल्ह्याबद्दल वाचताना अशी इतर माणसं सापडत गेली. सिंथिया फरार अमेरिकेतून १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या होत्या. १८६२ मध्ये नगरलाच त्या वारल्या. स्वित्झर्लंडचे फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये भारतात आले, नगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामात त्यांनी आयुष्य घातलं आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत 'वॉटर' ही संस्था उभी केली. या माणसांपुढे आमच्या ताईचे आठ महिने काय होते? तिच्यामुळे गावातल्या पोरांचं इंग्रजी फारसं सुधारलं नाही, हे खरंच आहे. स्वयंसेवक येतात, फोटो काढतात आणि जातात, अशी टीका मी स्वतः कॉलेजच्या कट्ट्यावर जोरात केलेली आहे. ती करताना आपल्या फीचं मात्र कधी बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. आजी त्याआधीच गेली होती. ताईला कळवलं तेव्हा तिने व्हिडिओ कॉल केला. ती आता शिक्षिका आहे. बोलता बोलता मी एकदाचं सांगून टाकलं, पाकीट, डबा, क्लासची फी, समारंभात गिळलेलं वाक्य.

ती म्हणाली, "मला माहीत होतं. माझ्या करारातच तो आकडा लिहिला होता. दुष्काळ बघितल्यावर तर तो होता म्हणून मला तुमच्याकडे जेवताना घास गिळत होता. पण पैसे फक्त जेवणाचे होते. तुझी आई विहिरीवर ओरडली, त्याचे नव्हते."

म्हणजे दहा वर्षं मी जे गुपित सांभाळलं ते गुपित नव्हतंच. पैसेही खरे होते आणि मायाही. एकामुळे दुसरं खोटं ठरतं, हा हिशेब माझाच होता.

आणि तरीही मागच्या महिन्यात मी आईला म्हणालो, "आता कशाला?" म्हणजे, आता मी कमावतो. दर महिन्याच्या एक तारखेला तुझ्या खात्यावर पैसे येतात. मग परकी पोरगी घरात कशाला?

रात्री मी परत फोन केला. म्हटलं, "पैसे कमी पडतायत का?"

"पैसे खात्यावर येतात रे," आई म्हणाली. "माझ्यासंगं जेवायला बसतात का?"

मी गप्प. मग तीच म्हणाली, "भाकरी एकीसाठी थापायचा कंटाळा येतो. सकाळची संध्याकाळी खाते." हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. मी तिला रोज विचारतो, जेवलीस का? ती हो म्हणते. काय जेवलीस, हे मी कधीच विचारलं नव्हतं. म्हणजे आई तिची टंचाई माझ्यापासून लपवत होती. आजीच्या फडक्यासारखी, मी उठायच्या आत उरकून. त्या घरात आता पाहुणा मी झालोय.

गेल्या शनिवारी गावी जाऊन आलो. नळ आलाय, पण पाणी दिवसाआड, उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नाही. हजार लिटरची टाकी बसवून घेतली, न्हाणीच्या दाराला नवी कडी लावली. पोरगी एकटी बसली तर लगेच दार वाजवू नकोस, हे आईला दोनदा सांगितलं. "मला शिकवतो काय," म्हणाली. संस्थेला होकार कळवला. दर महिन्याचे पैसे घ्यायचे, हेही आईनेच ठरवलं. "फुकट ठेवलं तर तिलाच जड जाईल," म्हणाली. मला जे समजायला दहा वर्षं आणि एक व्हिडिओ कॉल लागला, ते तिला आधीपासून माहीत होतं.

निघताना मी विचारलं, नगरहून काही आणायचंय का? म्हणाली, "बादल्या आण दोन. एकसारख्या आण."