आमां, सार

टाकणखार म्हणजे काय, हे आमच्या खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. सोनं-चांदी गाळताना मुशीत टाकायची पांढरी पूड. धातू लवकर पातळ होतो, मळ वर येतो. चेन्नईत सौकारपेठेत माझी भट्टी आहे, तीस वर्षं होऊन गेली. गलाईचा धंदा, दुसरं काही येत नाही. इतकं पुरे.

कोईमतूरला चुलतभावाची भट्टी आहे. गावाकडून आलेल्या एका पोराला रात्रीच्या गाडीनं तिकडं पाठवत होतो. पोरगं एकोणीस वर्षांचं, नात्यातलं. त्याच्या पिशवीत दोन मुशी, चिमटा आणि साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला अर्धा किलो टाकणखार. बिल नाही, चिठ्ठी नाही. चूक माझी. साडेदहाला फोन आला, सेंट्रल स्टेशनला या. कुठल्या खात्याचे लोक होते ते लिहीत नाही.

खोलीत पिवळा दिवा. टेबलावर निळ्या पेटीत बाटल्या, काचेच्या नळ्या, एक छापील कागद. पोरगं भिंतीला टेकून उभं. मला बघून म्हणालं, "तात्या, मी न्हाई काय केलं." नंतर समजलं, त्यांचं कुत्रं पिशवी हुंगून सरळ पुढं गेलं होतं. पण पूड पांढरी, पोराला तमिळ येत नाही आणि घाबरून त्यानं पुडीचं नाव तीनदा तीन तऱ्हांनी सांगितलं. "बोरॅक्स" हा शब्द त्याला ठाऊकच नव्हता.

साहेबांनी माझ्यासमोर कोकेनची परीक्षा केली. नळीत गुलाबी पाणी घेतलं, आमच्या पुडीतली चिमूट सोडली, नळी हलवली. पाणी जांभळट झालं, तळाला थोडा गाळ बसला. त्यांनी नळी दिव्यासमोर धरली आणि मला विचारलं, "नीलम् दाने, सेट्टु?" निळंच ना, शेठ? इथं बाहेरून आलेला प्रत्येक दुकानदार सेट्टुच.

मी म्हणालो, "आमां, सार." हो, साहेब.

इथंच मी अजून अडकून आहे. तो रंग निळा नव्हता. जन्म रंग ओळखण्यात गेला माझा. काळ्या कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब सोडायचा आणि रेघ किती टिकते, कुठल्या छटेवर जाते त्यावरून कस सांगायचा. सतरा कॅरट आणि अठरा कॅरट यांतला फरक मला रेघेवरून कळतो, आणि त्या नळीतला जांभळा मला कळला नाही? कळला होता. पण समोर गणवेश होता, छापील कागद होता. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मलाच वाटलं, पोरानं मधे काही भानगड केली असेल. टाकणखाराची पिशवी मी माझ्या हातानं बांधली होती, तरीही.

कागद तमिळमध्ये होता. मला तमिळ बोलता येतं, वाचता येत नाही. परीक्षा माझ्यादेखत झाली, असं लिहिलंय म्हणाले. मराठीत सही केली.

नंतर ओळखीच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी समजावलं. कोकेनची ही परीक्षा तीन पायऱ्यांची. गुलाबी पाण्यात कोबाल्ट असतं, कोकेननं ते निळं होतं. पण टाकणखारासारखी अल्कधर्मी पूड टाकली तरी कोबाल्टचा रंग हलतो. काही साध्या औषधांनीही निळा येतो, दातवाला बधिर करायला वापरतो त्या लिडोकेननंसुद्धा. म्हणून पुढं आम्ल घालतात, मग क्लोरोफॉर्म. तळाशी बसलेला क्लोरोफॉर्म निळा झाला, तरच संशयाला जागा. आमच्या साहेबांनी पहिल्या पायरीवरच पेटी मिटली होती. कसोटीवर एक रेघ ओढून दागिना वितळवून टाकावा, तसं. टंच काढल्याशिवाय आम्ही गिऱ्हाइकाला पैसे देत नाही.

कायद्यात कोकेन शंभर ग्रॅमच्या वर म्हणजे व्यापारी प्रमाण. शिक्षा किमान दहा वर्षं, जामीन जवळजवळ नाहीच. आमची पुडी अर्धा किलो. पेटी ही फक्त प्राथमिक, खरा निकाल प्रयोगशाळेचा, हे त्यांनाही ठाऊक असतं. पण तो येईपर्यंत माणूस आत. २०१० साली भोपाळ विमानतळावर एकाच्या सामानातल्या गरम मसाला-आमचुराला यंत्रानं हेरॉइन ठरवलं. ५७ दिवस तो तुरुंगात होता. आणखी एक बघा. २०१५ मध्ये मुंबईच्या एका हवालदाराच्या साताऱ्याकडच्या घरातून शंभरावर किलो एमडी हा अमली पदार्थ धरल्याचा गाजावाजा झाला, ते प्रयोगशाळेत अजिनोमोटो निघालं. देशातली पहिली रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा १८४९ साली याच मद्रासमध्ये निघाली, आणि माझं पोरगं पिवळ्या दिव्याखालच्या एका नळीवर रात्रभर बाकावर बसलं.

पण मी साहेबांच्या जागी असतो तर? नशेनं वाया गेलेली पोरं मी याच पेठेत बघितलीत. पिशव्या तपासू नका असं माझ्या तोंडातून निघणार नाही. तपासा. तीन पायऱ्या असतील तर तिन्ही चढा, एवढंच. आणि आपल्या लोकांनीही पांढरी पूड बिलाशिवाय नेऊ नये. दुबईला लेकीकडं अनारसे नेणाऱ्यांनी खसखस घरीच ठेवावी, तिकडं तिच्यावर बंदी आहे.

सकाळी आठला वरचे साहेब आले. त्यांनी पेटी पुन्हा उघडायला लावली. आम्ल घातलं, क्लोरोफॉर्म घातला, नळी हलवून ठेवली. तळ काचेसारखा स्वच्छ. मला म्हणाले, "पोराला घेऊन जा." माफी नाही, चहा मात्र पाजला.

पोरगं कोईमतूरला गेलंच नाही. दिवाळीला गावी गेलं ते डाळिंबाच्या बागेत रमलं. मागच्या जत्रेत भेटलं, तेव्हा हसत विचारलं, "तात्या, त्ये खरंच निळं हुतं का?" मी पालखी कुठवर आली ते बघायला उठलो.

माझ्या सहीचा कागद त्यांनी फाडला की फायलीला लावला, हे मी त्या सकाळी विचारलं नाही.