काटा पुन्हा वर गेला

तुमच्या घरी प्रेशर कुकर असेल. आतली वाफ निघून जाण्याआधी आई त्याचे झाकण कुणाला उघडू देते का? मुळीच नाही. मोटारीच्या रेडिएटरचे झाकणही तसेच असते. ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

मोटारीचे इंजिन पेट्रोल जाळून चालते. त्या उष्णतेपैकी पाव हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा, गाडी चालवण्याच्या कामी येतो. बाकीची बरीचशी धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते आणि बरीचशी पाणी वाहून नेते. हे पाणी इंजिनाभोवती खेळून तापते, वरच्या होजपाइपने रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांत वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपने परत जाते. पाण्याला हा फेरा घालायला लावतो पंप. वाटेत एक छोटा द्वारपालही बसलेला असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. पाणी साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअस तापले की त्याच्या पोटातले मेण वितळून फुगते आणि दार उघडते. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढची हकिकत समजेल.

माझे चाचा मालेगावात भाड्याची मोटार चालवत. गाडी होती प्रीमियर पद्मिनी. मुंबईत याच गाड्यांच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी असत. त्यांतली शेवटची टॅक्सी 2023 साली बंद झाली, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी ही गाडी चित्रातच पाहिली असेल. आमच्या मोहल्ल्यातील एका खालांना मूत्रपिंडाचा आजार होता. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिससाठी नाशिकला न्यावे लागे. ही फेरी चुकवून चालत नसे.

1996 च्या उन्हाळ्यात गाडीचा रेडिएटर गळू लागला. चाचांच्या नेहमीच्या मिस्त्रींनी गळती बुजवली, पंप बदलला, नवा होजपाइप घातला. दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. सुट्टी असल्याने मीही गाडीत होतो. राहुड घाट चढताना उष्णतेचा काटा सरकत सरकत लाल खुणेवर गेला!

चाचांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. एक ट्रकवाला पाण्याची बादली घेऊन धावत आला. बिचारा मदतीलाच आला होता, पण चाचांनी त्याचा हात धरला. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतले तर लोखंडाला तडा जाण्याची भीती असते, ती वेगळीच.

खाला झाडाखाली बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर सूज होती, पण त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी एका ओळखीच्या जीपवाल्याने त्यांना नाशिकला पोहोचवले.

आम्ही गाडी हळूहळू, थांबत थांबत परत आणली. वाटेत दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने नुसते पाहूनच सांगितले, "हेड गॅस्केट गेले. इंजिन उघडावे लागेल." त्याने सांगितलेला खर्च म्हणजे चाचांची दोन महिन्यांची कमाई होती. चाचा तडक आपल्या मिस्त्रींकडे गेले. वीस वर्षांची दोस्ती, पण त्या दिवशी त्यांनी सलामसुद्धा केला नाही.

"मिस्त्री, पैसे घेऊन हे काय काम केलेत?"

"भाई, आधी गाडी थंड होऊ द्या. मग मला हवे ते बोला."

गाडी पूर्ण थंड झाल्यावर मिस्त्रींनी झाकण उघडले. पाणी दोन पेले कमी होते, पण खाली जमीन कोरडी होती. त्यांनी फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला. तो ताठ होता. तेलाची पट्टी काढली. तेलात पाणी मिसळले असते तर ते दुधाळ दिसले असते. तसेही काही नव्हते. एका शेजाऱ्याने फुकटचा सल्ला दिला, "थर्मोस्टॅटच काढून टाका!" असे करणारे पुष्कळ असतात. पण त्यामुळे इंजिन वेळेवर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त जळते.

मग मिस्त्रींनी गाडी चढावर, तोंड वर करून उभी केली. रेडिएटर हळूहळू भरला आणि झाकण उघडे ठेवूनच इंजिन चालू केले. थोड्या वेळाने मोठमोठे बुडबुडे येऊ लागले. पाणी खाली गेले की ते थोडे थोडे भर घालत. वीसेक मिनिटांनी वरचा पाइप एकदम तापला. थर्मोस्टॅट उघडला होता. आणखी काही बुडबुडे आले आणि थांबले.

"गॅस्केट गेले असते तर बुडबुडे थांबलेच नसते," मिस्त्री म्हणाले. "आत हवा अडकली होती. हवेने वाट अडवली की पाणी फिरणार कसे? काल माझ्या पोऱ्याने घाईत भडाभडा पाणी ओतले. मी पाहायला हवे होते."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. चाचांनी समोरच्या हॉटेलातून तीन चहा मागवले. एक त्या पोऱ्यासाठी होता.

सोमवारी राहुड घाटात चाचांची नजर सारखी काट्याकडे जात होती. काटा मधोमध उभा होता. मागच्या सीटवर खालांना झोप लागली होती.